वहीत नसलेला श्वास

पुणे-सातारा रस्त्यावर चेलाडी फाट्याला आत वळलं, की नसरापूरमार्गे वेल्ह्याला जाताना विंझर लागतं. शनिवार-रविवारी राजगड-तोरण्याच्या गाड्या गावावरून पुढे निघून जातात. गावाचं स्वतःचं वेळापत्रक मात्र भाताचं. राबाची भाजणी, रोपं, चिखलणी, आवणी, मग कापणी आणि झोडणी. बायकांच्या कंबरेची आणि गुडघ्यांची दुखणीही याच क्रमाने येतात. त्यामुळे गावातल्या एका सुनेने ऐन उन्हाळ्यात योगाचा वर्ग काढला, तेव्हा पहिल्या आठवड्यातच शाळेचा व्हरांडा भरला.

या सुनेला सगळं गाव वहिनी म्हणे. लग्नाआधी तिने लोणावळ्याच्या कैवल्यधामात योगशिक्षणाचा अभ्यासक्रम पुरा केला होता. ही संस्था स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली काढली. त्याच वर्षी त्यांनी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केलं. नौली आणि उड्डियान करताना पोटात नेमकं काय घडतं, हे त्यांनी क्ष-किरण लावून आणि दाब मोजणारी उपकरणं वापरून पाहिलं होतं. योगाने अमुक होतं असं नुसतं सांगायचं नाही, मोजून दाखवायचं, हा तिथला संस्कार वहिनी मनावर कोरून आली होती. म्हणून वर्गाच्या पहिल्या दिवसापासून तिने एक वही ठेवली. वर्ग सुरू होताना आणि संपताना प्रत्येकीने पोटावर हात ठेवून आपले श्वास मोजायचे, वहिनी घड्याळाकडे बघून मिनिट संपल्याचं सांगायची आणि प्रत्येकीचा आकडा तिच्या नावापुढे लिहायची. अंगणवाडीच्या बाईंना हा मोजण्याचा भाग आसनांपेक्षाही आवडायचा.

वर्गात वरच्या आळीच्या आक्का होत्या. वय साठीच्या पुढे. जन्म चुलीपुढे गेलेला. पावसाळ्यात ओली लाकडं, त्यांचा डोळे झोंबवणारा धूर आणि फुंकणीवर टेकलेलं तोंड, अशी चाळीस वर्षं. अशा धुराने फुप्फुसाच्या नळ्या कायमच्या आकसतात. आयुष्यात कधी बिडी न ओढलेल्या बायकांना सीओपीडी होतो तो बहुतेक यातूनच. आक्कांना डॉक्टरांनी पंप दिला होता, तो त्या कमरेच्या पिशवीत ठेवायच्या आणि कुणापुढे काढायच्या नाहीत. व्हरांड्यातल्या त्या उन्हाळी वर्गात त्यांनी ओठ आवळून हळू श्वास सोडायला शिकून घेतलं. महिन्याभरात त्या वहिनीला म्हणाल्या, “पोरी, आता आडवं पडून झोप लागती गं मला.” वहिनीने ते वाक्य वहीत आक्कांच्या नावापुढे लिहून ठेवलं आणि खाली रेघ ओढली.

जूनच्या मध्यावर पाऊस आला. या भागातला पाऊस व्हरांड्यात बसू देत नाही, चारही बाजूंनी आत येतो. वर्ग समाजमंदिराच्या खोलीत गेला. खिडक्या लावलेल्या, भिंती सादळलेल्या, चटयांना कुबट वास. प्राणायामाला बसलं की पहिल्याच श्वासाला बुरशी नाकात जायची. वहिनीला वाईट वाटलं, आणि ते रास्तच होतं. तिने पुण्याला राहणाऱ्या भावाला सांगून सुगंधी तेलांच्या बाटल्या मागवल्या. लॅव्हेंडर, पेपरमिंट, निलगिरी आणि गवती चहा. सोबत पाण्यात तेलाचे थेंब टाकले की बारीक धुकं सोडणारा विजेचा डिफ्यूझर.

पहिल्या दिवशी तिने गवती चहाची बाटली उघडली आणि बायका हसायलाच लागल्या. “हा तर आमच्या परसातला!” त्या दिवशी वहिनीने आसनं बाजूला ठेवून तेल कसं निघतं तेच सांगितलं. भट्टीत पात्यांवरून वाफ सोडायची, ती वाफ थंड करायची, पाण्यावर जो तवंग येतो ते तेल. शंभर किलो ओल्या पातीतून जेमतेम अर्ध्या किलोच्या आसपास. म्हणजे चहात आपण दोन पाती टाकतो, आणि बाटलीतल्या काही थेंबांत पातीची अख्खी पेंढी दाटलेली असते. आपल्या राज्याला ही विद्या नवी नाही, असंही ती म्हणाली. खानदेशात रोशा गवताच्या भट्ट्या पूर्वीपासून लागायच्या. एकोणिसाव्या शतकात ते तेल मुंबई बंदरातून तुर्कस्तानाकडे जायचं आणि तिथे गुलाबाच्या अत्तरात मिसळलं जायचं. नंदुरबार-पिंपळनेरच्या रानातलं गवत गुलाबाच्या नावाने विकलं जात होतं, हे ऐकून बायकांना फार नवल वाटलं.

तेलाचा गुण खरा होता, हे इथे आधीच सांगायला हवं. वास हे एकच असं ज्ञान आहे, की जे मेंदूतल्या मधल्या चौकीवर न थांबता थेट भावना आणि आठवणींच्या भागाशी पोचतं. म्हणून एखाद्या वासाने माणूस क्षणात निवतो किंवा क्षणात कावराबावरा होतो. खोलीतला कुबटपणा झाकला गेला, दिवसभर राबलेल्या बायकांचे खांदे सैल झाले, शवासनात दोघी-तिघी घोरायला लागल्या. पेपरमिंटच्या दिवशी सगळ्या म्हणाल्या, नाक मोकळं झालं. खरं तर मेन्थॉलने नाकाची वाट रुंद होत नाही. आतल्या गारवा ओळखणाऱ्या तंतूंना ते चाळवतं, आणि हवा जास्त जाते आहे असं नुसतं वाटतं. पण तसं वाटण्यातही आराम असतोच. वहीतले आकडे सांगत होते की वर्ग संपताना सतराच्या जागी चौदा श्वास भरत आहेत. वहिनीला मनापासून आनंद झाला.

यापुढे जे घडलं ते सावकाश घडलं, म्हणून कुणाच्या ध्यानात आलं नाही. वहिनी वर्गाच्या अर्धा तास आधी येऊन डिफ्यूझर लावायची. नाकाला एकच वास सतत मिळाला, तर काही मिनिटांत नाक तो सांगायचं बंद करतं. बायका जमेपर्यंत वहिनीला स्वतःला काहीच वास येईनासा व्हायचा. तेल उडून गेलं असं समजून ती आणखी दोन थेंब टाकायची. चारचे सहा झाले, सहाचे दहा. बंद खिडक्यांच्या खोलीत त्या हवेचं काय होत होतं, हे फक्त बाहेरून आत पाऊल टाकणाऱ्याला कळलं असतं, आणि बाहेरून येणाऱ्या बायका वहिनीच्या वर्गात आल्या आहेत म्हणून पहिला धक्का गिळून शांत बसायच्या.

शिवाय हा प्राणायामाचा वर्ग होता. माणूस एरवी एका श्वासात अर्धा लिटरभर हवा घेतो. दीर्घ श्वसनात दोन-अडीच लिटर. कुंभकात ती आत धरून ठेवतो. कुणाच्या बैठकीच्या खोलीत कोपऱ्यात दरवळणारं तेल आणि छाती भरभरून आत ओढलेलं तेच तेल यांची मात्रा सारखी नसते. औषधाच्या गोळीबाबत हा हिशोब आपण करतो. सुगंधाबाबत करत नाही, कारण सुगंध म्हणजे चांगलंच काहीतरी, असं आपण लहानपणापासून धरून चाललेलो असतो.

आक्का आधी मधल्या रांगेत बसायच्या. मग त्या भिंतीकडे सरकल्या. मग दारापाशी, चपलांच्या शेजारी. वहिनीने विचारलं तेव्हा म्हणाल्या, “गुडघ्यामुळं उठबस अवघड जाती, दाराजवळ बरं.” जुलैत आवणी लागली आणि अर्धा वर्ग खाचरांत उतरला. खोळ पांघरून, पोटरीभर चिखलात वाकून दिवसभर रोपं लावणाऱ्या बाईला संध्याकाळी आणखी वाकायला कोण सांगणार? गैरहजर नावांपुढे वहिनीने सरसकट ‘आवणी’ असं लिहून टाकलं. आवणी संपली, बायका परतल्या. आक्का परतल्या नाहीत. गावाबाहेरून नांदायला आलेली एक पोटुशी मुलगीही परतली नाही. तिच्या नावापुढे वहिनीने ‘माहेरी गेली असावी’ असं लिहिलं.

ऑगस्टच्या शेवटी योगशिक्षकांच्या एका बैठकीत वहिनीला आपल्या वर्गाबद्दल बोलायचं होतं. तिने वही पुढ्यात घेतली, आकड्यांचा तक्ता केला, तेलाआधीचे आणि तेलानंतरचे रकाने आखले. सरासरी अगदी नजरेत भरेल इतकी सुधारलेली. गावातल्या आशाताई त्या दिवशी तिच्या घरी आल्या होत्या, त्यांना तिने तक्ता दाखवला. आशाताई घरोघर फिरणाऱ्या. कुणाच्या फळीवर कुठलं औषध आहे हे त्यांना पाठ असतं. त्यांनी बोट फिरवत फिरवत नावं वाचली.

“वहिनी, यात आक्का कुठायत?”

“त्या पूर्ण महिना नव्हत्या ना. ज्या नियमित आल्या त्यांचेच आकडे घेतले.”

“आणि ती नवी सून?”

“तीही नव्हती. माहेरी गेली होती बहुतेक.”

“ती इथंच आहे. सहावा महिना लागलाय. तुमच्या खोलीतला वास आला की ओकारी यायची, म्हणून तिने यायचं सोडलं. आणि आक्कांचा पंप या महिन्यात दोनदा संपला.” आशाताई जरा थांबल्या. “तुम्हाला कुणी सांगितलं नाही?”

कुणी सांगितलं नव्हतं. वहिनीने तक्त्याकडे पुन्हा पाहिलं. आकडे सगळे खरे होते, एकही वाढवून लिहिलेला नव्हता. ज्यांना तेल मानवलं त्या राहिल्या. ज्यांना मानवलं नाही त्या निघून गेल्या, आणि जाताना आपापले जड श्वास सोबत घेऊन गेल्या. सरासरी सुधारली ती काही अंशी तेलाने, आणि काही अंशी त्या दोघी उठून गेल्याने. खोटा आकडा न लिहिताही वही खोटं बोलू शकते, याचं भान तिला त्या दुपारी आलं.

ती तशीच वरच्या आळीला गेली. आक्का ओटीवर बसल्या होत्या. मागे वळकट्या रचून त्यांना टेकलेल्या. वहिनीची नजर त्या वळकट्यांवर गेली.

“आक्का, रात्रीही असंच बसून झोपता?”

“ह्या दिवसांत तसंच व्हतं. पावसाळी हवा.”

“उन्हाळ्यात तर आडवं पडून झोपत होता. तुम्हीच सांगितलं होतंत मला.”

आक्का काही बोलल्या नाहीत. वहिनीने सरळच विचारलं, “त्या वासाने छाती आवळायची ना?”

“उग्र व्हायचा गं मला. आत श्वास घे म्हणायचीस, घेतला की उबळ यायची. ती दाबून धरायची म्हंजे आणखीनच धाप.”

“मग एका शब्दाने सांगायचं नाही का?”

“समद्या बायांना आवडत व्हतं. तू एवढ्या लांबनं बाटल्या आणलेल्या. माझ्या एकटीपायी समद्यांचं कशाला मोडायचं? म्हनलं, आपन उठावं.”

वहिनीला यावर उत्तर सुचलं नाही. खरं सांगायचं तर अशा वेळी उत्तर नसतंच. आपल्याकडच्या बायका गैरसोय सांगत नाहीत, त्या जागा सोडतात. पंगतीत, घरात, सभेत, सगळीकडे. ज्याच्या हाती वर्ग आहे त्याने हे धरून चालायला हवं, की माझ्यासमोर जे हसरे चेहरे आहेत ते सगळ्यांचे नाहीत.

रात्री तिने आपली जुनी पुस्तकं काढली. योगाला सुगंधाचं वावडं नाही, हे तिला ठाऊक होतं. श्वेताश्वतर उपनिषदात योग साधू लागल्याची पहिली चिन्हं सांगितली आहेत. अंग हलकं होणं, निरोगी राहणं, कांती उजळणं, आवाज गोड होणं यांच्या जोडीने शरीराला चांगला गंध येणं हेही त्यात आहे. हठप्रदीपिका तर प्राणायामाच्या श्रमाने आलेला घाम अंगालाच चोळायला सांगते. तो गंध साधकाच्या स्वतःच्या अंगातून, स्वतःच्या श्रमातून येतो, दुसऱ्या कुणाच्या छातीत जाऊन बसत नाही. मग तिने पतंजलींची योगसूत्रं उघडली. आठ अंगांमधलं पहिलं अंग यम, आणि यमांमधला पहिला अहिंसा. हे सूत्र तिने परीक्षेत लिहिलं होतं, वर्गात शिकवलं होतं. अहिंसा म्हणजे मारू नये, दुखवू नये, असंच ती सांगत आली होती. पण एका खोलीत वीस माणसं एकच हवा आत घेत असतील, तर त्या हवेत काय मिसळायचं हे ठरवणं हासुद्धा अहिंसेचा प्रश्न आहे. डोळे मिटता येतात, कानांवर हात ठेवता येतात. श्वास घ्यायचा नाही, असं मात्र कुणालाच करता येत नाही.

दुसऱ्या दिवशी तिने बाटल्या फेकल्या नाहीत. तो राग झाला असता, आणि रागाने आक्कांना आडवं झोपता आलं नसतं. ती घरोघर गेली आणि प्रत्येकीला एकटीला गाठून विचारलं, कारण चारचौघींत “चालेल ना?” असं विचारलं तर सगळ्या हो म्हणणार, हे तिला आता कळलं होतं. एकीचं त्या वासाने संध्याकाळी डोकं धरायचं. एकीचं लेकरू वर्गात मांडीवर असायचं आणि घरी गेल्यावर शिंकत राहायचं. तिला वहिनीने स्पष्ट बजावलं, की तान्ह्या मुलांच्या नाकाजवळ पेपरमिंट, निलगिरी किंवा कापूर कधीच आणायचा नाही, आणि ही तेलं चुकूनही पोटात जाऊ द्यायची नाहीत. मुलांना त्यातून झटके येऊ शकतात, श्वास अडू शकतो. पाच-सहा जणींना मात्र तेल मनापासून हवं होतं. त्यांना तिने घरी वापरायची रीत सांगितली. रुमालावर एक थेंब, रुमाल हातभर अंतरावर, खिडकी उघडी. अंगाला लावायचंच असेल तर नुसतं तेल कधी नाही. शंभर थेंब खोबरेल किंवा तिळाच्या तेलात एक-दोन थेंब, तेही आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस वाट बघायची. घरात कुणाला दमा असेल तर त्याला विचारून, आणि तो नाही म्हणाला तर नाही.

खोलीचा प्रश्न उरलाच होता. कुबट वास तेलाने गेला नव्हता, फक्त झाकला गेला होता. वहिनीने बचत गटाच्या बायकांना हाताशी धरलं. भिंतींची बुरशी खरवडून चुना मारला. चटया उघडीप मिळेल तेव्हा उन्हात घालायच्या, घडी करून कोपऱ्यात टाकायच्या नाहीत, असं ठरलं. मागची अडकलेली खिडकी सुताराकडून सोडवून घेतली. दोन्ही बाजूंच्या खिडक्या उघडल्यावर वारा आरपार जायला लागला. पावसाची झड आली की त्या बाजूची पहिली रांग उठून मागे बसायची. हे सगळं जूनमध्येही करता आलं असतं. बाटली उघडायला एक क्षण लागतो आणि भिंत खरवडायला दोन दिवस, म्हणून ते राहून गेलं होतं.

वहीचंही तिने काम केलं. तक्ता फाडून टाकला नाही. त्याखाली नवा तक्ता आखला आणि वर्ग सोडून गेलेल्या प्रत्येकीचं नाव लिहिलं. शेवटचा मोजलेला आकडा, येणं थांबल्याची तारीख आणि खरं कारण. ‘माहेरी गेली असावी’ हे खोडून त्यापुढे ‘वासाने मळमळ’ लिहिलं. आक्कांच्या नावापुढे तिने उन्हाळ्यातलं ते रेघ ओढलेलं वाक्य पुन्हा उतरवलं आणि त्याखाली लिहिलं, ‘जुलैपासून पुन्हा बसून झोपतात.’ योगशिक्षकांच्या बैठकीत तिने दोन्ही तक्ते वाचून दाखवले. एका शिक्षकाने विचारलं, की मग तेलाने फायदा झाला की नाही? ती म्हणाली, फायदा झाला आणि दोघींना अपायही झाला, आणि मी फक्त फायदा मोजत होते. बैठकीत थोडी चुळबुळ झाली. मग एका वयस्कर बाईंनी आपल्या वर्गाची वही मागवून घेतली आणि त्यातली मध्येच बंद पडलेली नावं शोधायला लागल्या.

आक्कांना परत आणायला वहिनीला तीन वेळा जावं लागलं. तिसऱ्या वेळी त्या पोटुश्या मुलीला घेऊन गेली, आणि दोघी मिळून आल्या. वर्गाच्या सुरुवातीला वहिनी आता नव्याने येणाऱ्या प्रत्येकीला बाजूला घेऊन विचारते. दमा, फीट, गरोदरपण, वासाने डोकं दुखणं. उत्तर वहीत पहिल्या ओळीत लिहिते, श्वासाच्या आकड्याच्या आधी.

नवरात्राच्या सुमाराला पुण्याहून आपल्या बहिणीकडे आलेली एक बाई वर्गात येऊन बसली. नीटनेटकी साडी, केसांत गजरा, आणि मनगटावर भरपूर अत्तर. वहिनी पुढे चटया लावत होती, तिच्या लक्षात यायच्या आधीच मधल्या रांगेतून आवाज आला.

“बाई, तुमी कुठल्या?”

“कोथरूडच्या.”

“बरं झालं आलात. पर उद्या येताना त्ये अत्तर लावू नका. मला धाप लागती त्यानं.”

साऱ्या वर्गात एकदम शांतता झाली. आक्कांनी आयुष्यात चारचौघींत असं बोललेलं कुणी ऐकलं नव्हतं. ती बाई गोरीमोरी झाली, म्हणाली, “अहो, मला माहीत नव्हतं.” ती उठून बाहेर नळावर गेली, मनगट धुऊन आली, आणि खिडकीजवळच्या जागेवर बसली. गजऱ्याचं काय करू, असं तिने आक्कांना विचारलं. आक्कांनी मान जराशी पुढे करून वास घेतला आणि म्हणाल्या, “त्यो राहू द्या. त्यानं काय व्हत नाय मला.”

वहिनीने घड्याळ हातात घेतलं आणि सगळ्यांना पोटावर हात ठेवायला सांगितलं.